यंत्राचा सबक आणि उस्तादाची नजर



बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, कोठेही पालकांशी बोलणे निघाले की अलीकडे एक प्रश्न हमखास समोर येतो. मोबाइलमधले ॲप मुलाला नूरानी कायदा शिकवते, गणित शिकवते, इंग्रजीचे उच्चार शिकवते. मूल चुकले तर तत्काळ सांगते, दहा वेळा चुकले तरी त्रासत नाही, सुट्टी घेत नाही आणि फीही फारशी मागत नाही. मग असरनंतर मुलाला मक्तबला कशासाठी पाठवायचे? शिकवणीच्या सरांना पैसे कशासाठी द्यायचे?

हा प्रश्न विचारणारे आई-वडील दीनपासून दूर गेलेले आहेत असे समजण्याचे कारण नाही. दिवसभर राबून चार पैसे मिळवणाऱ्या माणसाने मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मांडणे हे त्याचे कर्तव्यच आहे. म्हणून या प्रश्नाला भीती दाखवून गप्प बसवणे योग्य नव्हे. त्याचे उत्तर न्यायाने दिले पाहिजे. यंत्राचे जे श्रेय आहे ते यंत्राला द्यावे, आणि माणसाचे जे आहे ते माणसाकडे राहू द्यावे. या लेखात तेवढाच प्रयत्न आहे.

उपयोगी विद्या कोठूनही घ्यावी

प्रथम एक गैरसमज दूर करू. नवीन साधनाकडे संशयाने पाहणे म्हणजेच परहेजगारी, असे काही जणांना वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आचरण तसे नव्हते. बद्रच्या युद्धात कैद झालेल्यांपैकी ज्यांच्याजवळ खंडणीसाठी धन नव्हते पण अक्षरज्ञान होते, त्यांनी मदीनेतील अन्सारांच्या मुलांना लिहिणे शिकवावे आणि त्या बदल्यात मुक्त व्हावे, असे ठरल्याची नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे. शिकवणारे त्या वेळी शत्रुपक्षातील होते, तरीही त्यांच्याकडील विद्या नाकारली गेली नाही. पुढे हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) यहुदींची लिपी शिकण्याची आज्ञा केली आणि त्यांनी अवघ्या पंधरवड्याच्या सुमारास ती आत्मसात केली.

पवित्र कुरआनच्या अगदी पहिल्या वह्यीत (सूरह अल-अलक, 96:1-5) वाचनाच्या आज्ञेसोबत लेखणीचा उल्लेख आहे. लेखणी हेही एक साधनच होय. तेव्हा साधनाशी आपले भांडण नाही. साधन कशासाठी वापरायचे आणि कोठे थांबवायचे, एवढाच प्रश्न आहे.

यंत्र काय करू शकते

शिकवणाऱ्या यंत्राची कल्पना आजची नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी प्रश्न विचारणारे आणि योग्य उत्तराची कळ दाबल्यावरच पुढे सरकणारे यंत्र बनवले होते. 1960 मध्ये इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची संगणकीय शिक्षणपद्धती सुरू झाली. आज तीच कल्पना आपल्या खिशातील फोनपर्यंत पोहोचली आहे.

हे यंत्र कसे शिकवते, ते एका उदाहरणाने पाहू. तिसरीतील मुलाला 52 मधून 27 वजा करायला सांगितले आणि त्याने 35 असे उत्तर लिहिले. वर्गात त्यावर लाल फुली पडते आणि गणित पुढे जाते. चांगले संगणकीय शिक्षण त्या उत्तरामागचे कारण शोधते. मुलाने सातातून दोन वजा केले, कारण लहान संख्या मोठीतूनच वजा होते एवढेच त्याला ठाऊक आहे. दशकातून हातचा घेणे त्याला उमगलेले नाही. मग यंत्र पुढचे गणित न देता त्याला एकक-दशकाच्या पाठाकडे मागे नेते, तेथे सराव करून घेते आणि पुन्हा वजाबाकीवर आणते. साठ मुलांच्या वर्गात गुरुजींना प्रत्येक मुलासाठी हे करणे किती कठीण आहे, हे वेगळे सांगायला नको.

याचा लाभ होतो, हे संशोधनानेही दाखवले आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1984 मध्ये असे मांडले की, ज्याला स्वतंत्र शिक्षक मिळतो असा सामान्य विद्यार्थीही नेहमीच्या वर्गातील शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढे जाऊ शकतो. नंतरच्या अभ्यासांत हा फरक इतका मोठा आढळला नाही. परंतु 2011 मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा एक विचार करायला लावणारी गोष्ट समोर आली. गणित-विज्ञानासारख्या विषयांत पायरी-पायरीने शिकवणारा संगणक आणि एकट्या मुलाला शिकवणारा माणूस यांच्या परिणामांत फारसे अंतर नव्हते.

आपल्या देशातही असा प्रयोग झाला आहे. 2015 मध्ये दिल्लीत चौथी ते नववीतील 619 मुलांवर 'माइंडस्पार्क' या भारतीय संगणकीय पाठ्यक्रमाची चाचणी घेण्यात आली. सहावीतील सामान्य मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते. हातात सहावीचे पुस्तक आणि समज मात्र तिसरी-चौथीची, अशी त्यांची अवस्था होती. ज्या मुलांना चिठ्ठ्या टाकून या केंद्रांत प्रवेश मिळाला त्यांची गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत साडेचार महिन्यांतच इतरांपेक्षा लक्षणीय प्रगती झाली.

हे सर्व मान्य केले पाहिजे. मुलाची पातळी ओळखून तेथून सुरुवात करणे ही तर प्रेषितांचीच (स.) रीत होती. सर्वांत उत्तम कर्म कोणते, असे त्यांना वेगवेगळ्या लोकांनी विचारले तेव्हा कोणाला त्यांनी वेळेवरची नमाज सांगितली, तर कोणाला भुकेल्यास जेवू घालणे आणि ओळखीच्या-अनोळखी सर्वांना सलाम करणे. एकाने उपदेश मागितला तेव्हा त्याला राग आवरण्यास सांगितले, आणि त्याने पुन्हा पुन्हा विचारल्यावरही तेच सांगितले. प्रश्न एकच असला तरी विचारणारा वेगळा होता, म्हणून उत्तरही वेगळे होते.

यंत्राचा पल्ला कोठे संपतो

आता दुसरी बाजू पाहू. दिल्लीच्या ज्या केंद्रांचा वर उल्लेख केला तेथे मुलांना नुसते संगणकासमोर बसवलेले नव्हते. नव्वद मिनिटांच्या वेळेपैकी निम्मा वेळ संगणकावर जात असे. उरलेल्या निम्म्या वेळात लहान गटाला एक शिक्षक-साहाय्यक शिकवत असे. यश मिळाले ते दोघांच्या जोडीला.

जेथे केवळ यंत्र वाटले गेले तेथे काय घडले? आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात गावी 2007 मध्ये प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याच्या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. जगाने त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचे मोठे कौतुक केले. परंतु याच योजनेचा दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात तीनशेहून अधिक शाळांत अभ्यास झाला तेव्हा मुलांच्या गणितात किंवा भाषेत सुधारणा आढळली नाही. मुलांना यंत्र हाताळता येऊ लागले. धडा मात्र होता तेथेच राहिला.

अलीकडचे उदाहरण त्याहून बोलके आहे. तुर्कस्तानात सुमारे एक हजार माध्यमिक विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत देण्यात आली. ज्यांना ती मोकळेपणाने वापरू दिली त्यांचा सराव 48 टक्क्यांनी सुधारला. पण मदत काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ते इतर मुलांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडले. त्यांनी विचार करण्याऐवजी उत्तर मागितले होते. दुसऱ्या गटाला उत्तर न देता केवळ संकेत देणारे यंत्र मिळाले होते, आणि त्याचे संकेत शिक्षकांच्या सल्ल्याने तयार केलेले होते. त्या गटाचे असे नुकसान जवळजवळ झाले नाही. उत्तर कोठे रोखून धरायचे, हे तेथेही माणसानेच ठरवले होते.

घरात काय चालते, याकडेही पाहावे. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या अहवालानुसार 14 ते 16 वयोगटातील सुमारे 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात सुमारे 57 टक्क्यांनी तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे 76 टक्के होते. ज्या फोनवर सबक आहे त्याच फोनवर बाजारही भरलेला आहे, आणि दोहोंमध्ये भिंत घालणारे कोणी नाही.

गुडघ्याला गुडघा लावून

आता आपल्या दीनच्या शिक्षणपरंपरेकडे वळू. सर्वसमर्थ अल्लाहने इच्छिले असते तर कुरआन लिखित ग्रंथाच्या रूपाने एकाच वेळी उतरवला असता. परंतु तो हजरत जिब्रील (अलै.) यांच्याद्वारे, तेवीस वर्षांच्या काळात, थोडा थोडा शिकवला गेला. दरवर्षी रमजानमध्ये जिब्रील (अलै.) येत आणि प्रेषितांसह (स.) कुरआनची उजळणी करत, अखेरच्या वर्षी ही उजळणी दोन वेळा झाली. आमच्या मदरशांतील हाफिज आजही ज्याला 'दौर' म्हणतात, तो याच सुन्नतचा वारसा आहे.

हजरत उमर (रजि.) यांनी सांगितलेली प्रसिद्ध हदीस आपण ऐकली असेल. शुभ्र वस्त्रे व काळेभोर केस असलेली एक अनोळखी व्यक्ती आली, प्रेषितांच्या (स.) गुडघ्यांना गुडघे लावून बसली आणि इस्लाम, ईमान व एहसान यांविषयी प्रश्न विचारून गेली. नंतर प्रेषितांनी (स.) सांगितले की ते जिब्रील होते आणि तुम्हाला तुमचा दीन शिकवण्यासाठी आले होते. अल्लाहच्या फरिश्त्यालाही शिकवण्यासाठी मानवी रूप घेऊन समोर बसावे लागले, यात विचार करणाऱ्यांसाठी मोठा बोध आहे.

पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीत कुरआनच्या प्रमाणित प्रती तयार करून मोठ्या शहरांना पाठवण्यात आल्या. आपल्या विद्वानांनी नोंदवले आहे की त्या प्रतींसोबत ती वाचून दाखवणारे कारीही पाठवले गेले. त्या काळच्या अरबी लिपीत आजच्यासारखे नुक्ते व जेर-जबर नव्हते. ग्रंथ शब्द सांभाळणार होता, आणि त्या शब्दाचा उच्चार माणसाच्या तोंडून दुसऱ्या माणसाच्या कानात जाणार होता. 'सनद' म्हणजे हीच अखंड साखळी होय.

उच्चाराचे महत्त्व प्रत्येक मक्तबमधील मुलाला ठाऊक असते. 'क़ल्ब' म्हणजे अंतःकरण आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा. फरक केवळ जिभेच्या मुळाचा आहे. पठण ऐकून सुटलेला किंवा बदललेला शब्द दाखवणारी ॲप आता उपलब्ध आहेत आणि हिफ्ज करणाऱ्या मुलाला घरी उजळणीसाठी त्यांचा उपयोग होतो. पण 'क़ाफ'साठी जिभेचे मूळ टाळूला कोठे टेकवायचे, हे उस्ताद स्वतःचे तोंड उघडून दाखवतो, मुलाच्या ओठांकडे पाहतो आणि त्याचा पुढचा दात पडला आहे म्हणून आज हे अक्षर नीट येणार नाही, हेही समजून घेतो.

चूक सुधारण्याची प्रेषितांची (स.) पद्धत पाहा. एका माणसाने मस्जिदीत घाईघाईने नमाज अदा केली. प्रेषितांनी (स.) त्याला परत जाऊन नमाज अदा करण्यास सांगितले, कारण त्याची नमाज झालीच नव्हती. असे तीन वेळा झाले. शेवटी तो स्वतःच म्हणाला की याहून चांगली मला येत नाही, मला शिकवा. तेव्हा त्यांनी त्याला रुकू, सजदा आणि प्रत्येक कृतीत स्थिर होणे सविस्तर शिकवले. येथे त्याला आधी प्रयत्न करू दिला, शिकण्याची तहान त्याच्यात जागी होऊ दिली आणि मगच उत्तर दिले. तुर्कस्तानातील प्रयोगाने जे दाखवले त्याचे मूळ आपल्याला या हदीसमध्ये सापडते.

आणखी एक प्रसंग. हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) आपल्या समवयस्क तरुणांसह शिकण्यासाठी मदीनेस आले आणि वीस रात्री राहिले. प्रेषितांच्या (स.) लक्षात आले की या मुलांना घरची ओढ लागली आहे. त्यांनी विचारपूस केली, घरी कोणाला सोडून आलात हे जाणून घेतले आणि मायेने निरोप दिला की घरी जा, आपल्या लोकांना शिकवा, आणि मला जशी नमाज अदा करताना पाहिले तशीच अदा करा. न सांगता शिष्याच्या मनातील ओढ ओळखणे आणि स्वतःचे आचरण हाच धडा म्हणून समोर ठेवणे, या दोन गोष्टी यंत्राला कशा साधाव्यात? यंत्र नमाजची पद्धत अचूक सांगेल. पण ते स्वतः नमाज अदा करत नाही. सत्याचे धडे देणाऱ्या यंत्राला सत्य बोलण्यासाठी कधी किंमत मोजावी लागलेली नसते.

कोण आले नाही?

यंत्र आणि उस्ताद यांतील सर्वांत मोठा फरक मला हजेरीत दिसतो. आपल्या बीड जिल्ह्यात तर तो सर्वांत तीव्रतेने जाणवतो.

सूरह अन-नम्लमध्ये (27:20) हजरत सुलैमान (अलै.) यांचा प्रसंग आहे. जिन्न, माणसे आणि पक्षी यांचे अफाट सैन्य समोर असताना त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली आणि हुदहुद दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. एवढ्या मोठ्या सैन्यात एका लहानशा पक्ष्याची अनुपस्थिती त्यांना जाणवली. प्रेषितांच्या (स.) मस्जिदीत झाडलोट करणारी एक व्यक्ती होती. काही दिवस ती दिसली नाही, तेव्हा त्यांनी चौकशी केली. तिचे निधन झाल्याचे कळले. आपल्याला का कळवले नाही, असे त्यांनी विचारले आणि तिच्या कबरीवर जाऊन नमाज अदा केली. लोकांना ती व्यक्ती क्षुल्लक वाटली होती. त्यांच्या नजरेत ती होती.

आता आपल्याकडे पाहा. दसरा-दिवाळी सरली की या जिल्ह्यातील गावागावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पती-पत्नी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहतात. यांत सर्व जातिधर्मांचे कष्टकरी असतात. ज्यांची मुले सांभाळायला गावी कोणी नसते ती मुलेही सोबत जातात. पहाटे आई-वडील फडात गेले की मोठी बहीण धाकट्याला सांभाळते आणि शाळा मागे राहते. शासनाने अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहांची सोय केली. कारखान्यांजवळ साखरशाळाही चालल्या. तरीही जे मूल जाते, ते बहुधा वर्गातून निःशब्दपणे जाते.

अशा मुलाच्या फोनवर ॲप असेल तर ते चांगलेच आहे. कोपीत बसून त्याने दोन सूरह आणि पाढे म्हटले तर विसरणे थोडे तरी थांबेल. परंतु फोनचे चार्जिंग संपले, रिचार्ज संपले, किंवा वडील फोन घेऊन फडात गेले, तर यंत्र त्या मुलाला शोधायला येणार नाही. फार तर एक आठवणीचा संदेश पाठवील, जो कोणी वाचणार नाही. कालपर्यंत दुसऱ्या रांगेत बसणारी मुलगी आज का नाही, ती ऊसतोडीला गेली, आजारी पडली, की तिचे लग्न ठरवण्याची घाई चालली आहे, हे विचारण्यासाठी कोणीतरी तिच्या दारापर्यंत जावे लागते. ज्याला ती न आल्याचे दुःख होते, तोच जातो.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारे शिक्षक म्हणून ते ओळखले जातात. फोन पुस्तकावर धरला की धडा ऐकता-पाहता येतो, ही सोय आज बालभारतीच्या पुस्तकांत आहे. परंतु त्याआधी त्यांनी काय केले ते लक्षात घ्या. मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी ती शिकून घेतली, पुस्तके मुलांना कळतील अशी केली आणि मुली शाळेत टिकाव्यात म्हणून गावात प्रयत्न केले. कोड नंतर आला. मुलांकडे पाहणारी नजर आधी होती. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हाही एक धडाच होय.

उस्तादांनाही एक विनंती

मी स्वतः इमाम आहे. म्हणून उस्तादाची थोरवी सांगून थांबणे मला न्यायाचे वाटत नाही. उस्ताद श्रेष्ठ आहे तो त्याच्या नजरेमुळे आणि मायेमुळे. जेथे चाळीस मुले एका सुरात ओरडत आहेत, कोणाचा सबक कोठे आला हे कोणाला ठाऊक नाही आणि हातात छडी आहे, तेथे यंत्र बरे, असे मुलाला वाटले तर दोष त्या मुलाचा नाही. हजरत मुआविया बिन हकम (रजि.) हे नमाजमध्ये अजाणतेपणी बोलले. ते सांगतात की प्रेषितांपेक्षा (स.) चांगला शिक्षक त्यांनी ना पूर्वी पाहिला ना नंतर, त्यांनी ना दटावले, ना मारले, ना अपशब्द वापरला, केवळ समजावून सांगितले. ज्या मक्तबमध्ये हा स्वभाव आहे त्याला कोणत्याही यंत्राचे भय नाही.

आपण काय करावे

घरोघरी आणि मक्तबमध्ये करता येण्यासारख्या काही गोष्टी येथे मांडतो.

1. यंत्राला सरावाचे काम द्यावे आणि पहिला सबक उस्तादाकडे ठेवावा. नवीन अक्षर, नवीन सूरह, नवीन रीत माणसाकडून शिकावी. घरी उजळणी ॲपवर करावी आणि दुसऱ्या दिवशी ती उस्तादाला ऐकवावी. जे कोणाला ऐकवले जात नाही, ते टिकत नाही.

2. दीनविषयक प्रश्नांची उत्तरे यंत्राकडून घेऊन त्यावर अमल करू नये. विख्यात ताबिई इब्ने सीरीन (रह.) यांनी बजावले आहे की हे ज्ञान म्हणजेच दीन आहे, म्हणून ते कोणाकडून घेता हे पाहून घ्यावे. यंत्र चुकीची हदीसही तितक्याच आत्मविश्वासाने सांगू शकते, आणि त्या चुकीसाठी ते कोणापुढे उत्तरदायी नसते.

3. गणित-इंग्रजीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची असल्यास मुलाने आधी वहीत स्वतः सोडवावे, अडल्यावर फक्त संकेत मागावा आणि शेवटी फोन बाजूला ठेवून तेच गणित अम्मी-अब्बांना समजावून सांगावे. अम्मीला गणित येत नसले तरी चालेल. मुलाला समजले आहे की नाही, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळते.

4. फोनला वेळ ठरवून द्यावी. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. आपल्या मोहल्ल्यात तर मगरिबची अजान रोज होतेच. मगरिब ते इशा एवढा वेळ फोनविना ठेवणे आपल्याला अवघड नसावे.

5. ज्या मुली वयात आल्यावर मक्तबला येणे थांबवतात त्यांच्यासाठी मोहल्ल्यातील एखाद्या शिकलेल्या बाजींनी चार-पाच जणींचा गट घ्यावा. घरी फोनवर सराव आणि आठवड्यातून दोन दिवस बाजींसमोर वाचन, एवढ्यानेही त्यांचे शिक्षण तुटणार नाही.

6. मक्तबमध्ये हजेरीची वही ठेवावी आणि तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी कोणीतरी जावे. हंगामाला निघणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीपूर्वीच करावी. शक्य असेल तेथे मूल गावी नातेवाइकांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहावे यासाठी पालकांशी बोलावे. जे जातीलच त्यांच्या फोनमध्ये सबक भरून द्यावा आणि जुम्याच्या दिवशी उस्तादाने फोन करून तो ऐकावा. यंत्र येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल, कारण त्याच्या पलीकडे वाट पाहणारा माणूस असेल.

7. रिचार्जसाठी आपण जितके सहज पैसे काढतो तितक्याच सहज मक्तब आणि शिक्षकांसाठीही काढावेत. ज्या उस्तादाला घर चालवण्यासाठी आणखी दोन कामे करावी लागतात, त्याच्याकडून प्रत्येक मुलाकडे लक्ष देण्याची अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

बंधू-भगिनींनो, इमाम मालिक (रह.) लहान असताना त्यांच्या मातेने त्यांना हजरत रबीआ (रह.) यांच्याकडे पाठवताना सांगितले होते की, त्यांच्या ज्ञानाआधी त्यांचा अदब शिकून घे. त्या माऊलीला ठाऊक होते की ज्ञान मिळण्याची ठिकाणे अनेक आहेत. अदब मात्र एका माणसाच्या सहवासात राहूनच दुसऱ्या माणसात उतरतो. आज ज्ञानाची ठिकाणे तिने कल्पनाही केली नसेल इतकी वाढली आहेत. त्यांचा लाभ जरूर घ्यावा. परंतु आपले मूल ज्याच्यासमोर बसते त्याला ते मूल नावाने ठाऊक आहे ना, आणि ते आले नाही तर तो विचारपूस करतो ना, एवढे प्रत्येक आई-वडिलांनी पाहावे.

अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक ज्ञान देवो, त्यांना शिकवणाऱ्यांच्या अंतःकरणात माया आणि कमाईत बरकत देवो, आणि जी मुले या हंगामात घरापासून दूर उसाच्या फडाजवळ आहेत त्यांचे रक्षण करो. आमीन.